घसा दाखवायचा तो नेमका कोणाला? आवाज, गिळणं आणि श्वासाच्या तक्रारींसाठी वाटाड्या

मी स्पीच थेरपिस्ट आहे असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तोतरं बोलणाऱ्या मुलांना शिकवता ना?" तेही करते. पण माझा निम्म्याहून जास्त दिवस जातो तो मोठ्या माणसांत. महिनोन्‌महिने आवाज बसलेल्या बाई, पॅरालिसिसच्या झटक्यानंतर पाण्याच्या प्रत्येक घोटाला ठसकणारे आजोबा, आयसीयूतून घरी आल्यावर जिना चढताना घशातून शिट्टी वाजणारा तिशीतला मुलगा. दुखणी तीन, जागा एकच: कंठमण्याच्या मागचं स्वरयंत्र.

नावामुळे वाटतं की हा अवयव बोलण्यासाठी आहे. खरं तर तो दरवान आहे. घशातून खाली दोन वाटा फुटतात, पुढची श्वासाची आणि मागची अन्नाची. श्वासाच्या वाटेच्या तोंडाशी स्वरयंत्र बसलेलं असतं. घास आला की दार लावायचं, श्वास घ्यायचा की उघडायचं, हे त्याचं मूळ काम. आवाज काढणं ही वरकमाई. म्हणून एका बिघाडातून तिन्ही तक्रारी येऊ शकतात, आणि म्हणूनच त्या तिन्हींचा डॉक्टर बहुतेक वेळा एकच असतो.

आमच्याकडे येणाऱ्या फायली उघडल्या की गोष्ट साधारण सारखीच दिसते. आधी अँटिबायोटिकचा कोर्स, मग ॲसिडिटीच्या गोळ्या, मग शेजारच्या काकूंचा काढा, मग दुसरं अँटिबायोटिक. दोन महिने गेले आणि तोवर घशाच्या आत कोणी डोकावलेलंच नाही. या लेखात पुढे बरंच काही सांगणार आहे, पण दवाखान्यात जाऊन एकच वाक्य बोलायचं झालं तर हे बोला: "डॉक्टर, आधी आत बघता का?"

कोण काय करतं

पहिला माणूस ईएनटी सर्जन, म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञ. एमएस किंवा डीएनबी झाल्यावर त्यांतले काहीजण फक्त स्वरयंत्राच्या कामाची वेगळी फेलोशिप करतात. त्यांना लॅरिंगॉलॉजिस्ट म्हणतात. आवाजाच्या शस्त्रक्रिया करणारे फोनोसर्जन ते हेच. पाटीवर हे नेहमी लिहिलेलं नसतं, त्यामुळे फोन करून विचारायचं: "तुमच्याकडे स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकत्या दिव्यात स्वरतंतूंची तपासणी, होते का? गिळण्याची दुर्बिणीतून तपासणी होते का? स्पीच थेरपिस्ट बसतात का?" तिन्हीला हो आलं तर पत्ता बरोबर आहे. प्रत्येक घशाला लॅरिंगॉलॉजिस्ट लागतो असं मात्र नाही. तालुक्याच्या ठिकाणचा ईएनटीसुद्धा नाकातून बारीक दुर्बीण घालून पहिलं दर्शन घेऊ शकतो, आणि बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतं.

दुसरा माणूस आम्ही. आमची पदवी बीएएसएलपी, म्हणजे वाचा आणि श्रवण या विषयातली, पुढे मास्टर्स. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि तिचा सीआरआर क्रमांक असतो. तो विचारायला लाजू नका, मला कोणी विचारला तर बरंच वाटतं. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेलं टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालय आणि वांद्रे रेक्लमेशनजवळची अली यावर जंग संस्था ही आमच्या शिक्षणाची जुनी ठिकाणं. खासगीत खर्च झेपत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा ईएनटी विभाग गाठा, गोव्यात असाल तर बांबोळीचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. तुमची शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे ॲडमिट होण्याआधीच त्यांना विचारून घ्या.

आता तक्रारी. जास्त कोणाला होतात त्या क्रमाने न घेता घाईच्या क्रमाने घेते.

श्वास: इथे वाट बघायची नाही

श्वास आत घेताना घशातून घुर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर त्याला स्ट्रायडर म्हणतात. दम्याची सूं-सूं बहुधा श्वास सोडताना येते आणि छातीतून येते. हा फरक घरातही ओळखता येतो. माणसाला खुर्चीत बसवा, तोंड उघडं ठेवून जरा खोल श्वास घ्यायला सांगा, मोबाईल तोंडाजवळ धरून रेकॉर्ड करा. आवाज छाती फुगताना येतो की खाली बसताना, एवढंच ऐकायचं. हे रेकॉर्डिंग डॉक्टरला ऐकवलंत तर अर्धी हकिकत सांगून होते.

पण स्वस्थ बसल्या जागीही आवाज येत असेल, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात असेल, लाळ गिळता येत नसेल किंवा ओठ निळसर पडत असतील तर रेकॉर्डिंग करत बसू नका. १०८ ला फोन करा. माणूस बसून श्वास घेत असेल तर त्याला आडवं करू नका, घशात बोट घालू नका, पाणी पाजू नका. रुग्णालय निवडायचंच झालं तर जिथे ईएनटी आणि भूलतज्ज्ञ दोघे हजर असतील ते निवडा. जवळचं चकचकीत क्लिनिक अशा वेळी उपयोगाचं नसतं.

दोन प्रसंग वारंवार चुकतात, म्हणून ते जरा सविस्तर.

पहिला, व्हेंटिलेटरनंतरचा. माणूस मोठ्या आजारातून उठतो, घरी येतो, सगळ्यांना हायसं वाटतं. काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी त्याला चालताना दम लागायला लागतो. सगळे म्हणतात अशक्तपणा आहे. मग कोणी दमा म्हणतं, पंप सुरू होतो, फरक शून्य. खरं कारण असं असू शकतं: श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या फुग्याचा दाब आतल्या अस्तरावर पडला, तिथला रक्तपुरवठा तुटला, जखम भरताना व्रण आकसला आणि श्वासनलिका अरुंद झाली. कोविडच्या लाटांनंतर असे रुग्ण आमच्याकडे रांगेने आले. अशा वेळी डॉक्टरसमोर पहिलं वाक्य हे हवं: "अमुक महिन्यात इतके दिवस व्हेंटिलेटर होता, त्यानंतर दम लागतोय, पंपाने फरक नाही." आणि डिस्चार्ज कार्ड पुढे ठेवायचं. तपासणीत दुर्बीण आणि मानेचा-छातीचा सीटी होतो. फुंकण्याच्या चाचणीचा आलेखसुद्धा अशा वेळी वेगळाच, चपटा दिसतो. उपाय अरुंदपणाच्या लांबीवर ठरतो. फुग्याने रुंदावणं, लेसर, किंवा अरुंद तुकडा कापून दोन टोकं जोडणं. कधी श्वासाची वाट उघडी ठेवणारी टी-ट्यूब काही महिने ठेवावी लागते. एकदा रुंदावलेली जागा पुन्हा आकसू शकते, त्यामुळे "एकदा करून मोकळं" असं वचन कोणी देत असेल तर दुसरं मत घ्या.

दुसरा, शेंगदाण्याचा. दोन वर्षांचं पोर खेळता खेळता शेंगदाणे खातं, अचानक जोरात ठसकतं, लाल होतं, मग शांत होतं. घरच्यांना वाटतं गिळला. तो फुफ्फुसाच्या फांदीत जाऊन बसलेला असतो. दोन-तीन आठवडे "न्यूमोनिया" बरा होत नाही. एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही आणि फोटो पहिल्या दिवशी चक्क नॉर्मल येऊ शकतो. म्हणून त्या ठसक्याची गोष्ट डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी. चिंचोका, सीताफळाची बी, पेनाचं टोपण यांचंही तेच. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा द्यायचाच नाही, कूट करून द्या.

प्रत्यक्ष अडकलं तर: पोर जोरात खोकत असेल तर खोकू द्या, खोकल्याइतकं चांगलं हत्यार दुसरं नाही. खोकला क्षीण झाला, आवाज बंद झाला की पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापट्या, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके. हे आलटून पालटून करत राहायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके नाहीत. त्याला हातावर पालथं घेऊन थापट्या, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दाब. आत काही दिसत नसताना बोट फिरवू नका, वस्तू आणखी खाली जाते.

तान्ह्या बाळाचा जन्मानंतर काही दिवसांत सुरू झालेला घुर्र-घुर्र बहुतेक वेळा लॅरिंगोमलेशियाचा असतो, म्हणजे स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असल्यामुळे तो श्वासाबरोबर आत ओढला जातो. बहुतेक बाळांत तो दीड-दोन वर्षांपर्यंत आपोआप जातो. वजन वाढत नसेल, दूध पिताना बाळ थांबत किंवा निळं पडत असेल तर मात्र दाखवायला उशीर नको.

गिळणं: आधी कुठे अडतंय ते ओळखा

"गिळायला त्रास होतो" एवढंच सांगितलं तर डॉक्टरला काही कळत नाही. दोन प्रश्नांची उत्तरं ठरवून जा. अडतं कुठे, घशात की छातीत? आणि जास्त त्रास कशाने होतो, पाण्याने की भाकरीने?

भाकरी, पोळी, भात छातीच्या हाडामागे अडकल्यासारखा वाटतो, पाणी मात्र सरळ उतरतं, वजन कमी होतंय, अडकणं महिन्यागणिक वाढतंय: हा माणूस आमचा नाही. त्याला पोटविकारतज्ज्ञाकडे न्या आणि अन्ननलिकेची एंडोस्कोपी लवकर करा. तंबाखू, मिसरी, दारूची सवय असेल तर याच आठवड्यात.

पाण्याने ठसका लागतो, जेवताना नाकातून येतं, जेवल्यावर आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा होतो, एका जेवणाला पाऊण तास लागतो, वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया झालाय: हा आमचा. पॅरालिसिसचा झटका, पार्किन्सन, डोक्याला मार, घशाला दिलेली रेडिएशन ही नेहमीची कारणं.

इथे एक धोका घरच्यांना दिसतच नाही. अन्न श्वासनलिकेत गेलं की ठसका लागणारच, असं सगळे धरून चालतात. तिथली जाणीव गेलेली असेल तर पाणी आत जातं आणि माणूस शांत बसून राहतो. याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात. "बाबा आता ठसकत नाहीत, सुधारलेत" असं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून झटका आलेल्या माणसाला वॉर्डात चमच्याने "जरा पाणी पाजून बघू" हा प्रयोग नातेवाइकांनी करायचा नाही. गिळण्याची प्राथमिक चाचणी झाली का, हे सिस्टरला विचारा. नसेल झाली तर तोंडाने काही नको, गोळीसुद्धा.

पुढची तपासणी दोन प्रकारची. एक फीस (FEES, पैशांची फी नव्हे): नाकातून पातळ दुर्बीण घशापर्यंत नेऊन ठेवायची आणि माणसाला खाऊ-पिऊ घालायचं. आम्ही पाणी खायच्या हिरव्या-निळ्या रंगाने रंगवतो, म्हणजे ते कुठे जातंय ते पडद्यावर दिसतं. ही खाटेशेजारी होते. दुसरी व्हिडिओफ्लुरोस्कोपी, बेरियम मिसळलेलं अन्न गिळताना एक्स-रेवर घेतलेला व्हिडिओ. साध्या बेरियम स्वॅलोपेक्षा ही वेगळी आहे, चिठ्ठी नीट वाचून अपॉइंटमेंट घ्या. फीसला येताना घरून डबा आणा. खरंच सांगते. दवाखान्यातल्या बिस्किटापेक्षा बाबा रोज जे खातात ते आम्हाला बघायचं असतं: थोडा वरणभात, पोळीचा तुकडा, पातळ ताक.

तपासणीनंतर तुम्हाला कागदावर ० ते ७ यांतला एखादा आकडा मिळेल. ही आयडीडीएसआय नावाची जगभर वापरली जाणारी मोजणी आहे. शून्य म्हणजे पाणी, सात म्हणजे नेहमीचं जेवण. पेय कितपत दाट झालं ते घरी मोजायची पद्धत सोपी आहे. १० मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या. तिच्यावर ० पासून १० पर्यंतच्या खुणांची लांबी ६१.५ मिमी आहे ना, ते पट्टीने बघा. सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात आणि लांबी चुकली की उत्तर चुकतं. दट्ट्या काढा, खालचं भोक बोटाने दाबा, १० मिलीपर्यंत पेय भरा, बोट काढा, १० सेकंद मोजा, पुन्हा दाबा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०. १ ते ४ उरलं तर १. ४ ते ८ तर २. ८ च्या वर, पण थोडं तरी गळलं, तर ३. काहीच गळलं नाही तर ४. ताक, पेज, आंबील, आमरस सगळं मोजता येतं.

आता स्वयंपाकघर. छापील डाएट शीटवर सूप आणि पुडिंग लिहिलेलं असतं, घरात असतो वरणभात. आणि पातळ वरण घातलेला मोकळा भात गिळायला अवघड पदार्थांपैकी एक आहे, कारण त्यात दोन चाली आहेत: वरण पळतं, शितं मागे राहतात. माणूस शितं चावत असतो तोवर वरण दारात पोचलेलं असतं. दुधात बुडवलेलं बिस्कीट, रस्सा-पोळी, संत्र्याची फोड, साबुदाण्याची खीर, सगळ्यांची हीच खोड. त्याऐवजी गुरगुट्या भात घट्ट वरणात तूप घालून एकजीव घोटा. शितं दिसता कामा नयेत, आणि चमचा तिरका केला की गोळा अलगद खाली पडला पाहिजे. चमच्याला चिकटून बसला तर तो घशालाही चिकटेल. घट्ट शिरा आणि साबुदाण्याची खिचडी याच कारणासाठी बाद. पोहे, चुरमुरे, लाडवाचा भुगा तोंडात पसरतात, तेही नकोत.

नाचणीची आंबील किंवा तांदळाची पेज दाटपणासाठी छान, पण एक गंमत लक्षात ठेवा. लाळेने पिठूळ पदार्थ पातळ होतो. तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत बुडवला की जेवण संपेपर्यंत दाट पेज पातळ होऊ शकते आणि शेवटच्या घोटांना ठसका लागतो. वाटीतून छोट्या वाटीत थोडं थोडं काढून घ्या. आइस्क्रीम आणि जेलीसुद्धा तोंडात वितळून पाणीच होतात. बाबांना "गार काहीतरी" द्यायच्या हौसेत हे विसरलं जातं.

भरवताना ताठ बसवा, टीव्ही बंद, लहान चमचा, पहिला घास गेला याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. हनुवटी छातीकडे घेऊन गिळायची युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही, काहींना अपाय करते. तपासणीत उपयोग दिसला तरच करा. गोळ्या कुटून द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटल्या की सगळा डोस एकदम अंगात जातो. आणि तोंड दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ करा, नाकात नळी असली तरी. अशा रुग्णाची लाळ आत जातच असते. ती घाण असली तर न्यूमोनिया होतो.

नाकातल्या नळीला घरचे फार घाबरतात, "नळी लागली म्हणजे संपलं" असं वाटतं. ती बहुतेक वेळा मधल्या काळाची सोय असते. नळी जास्त दिवस लागणार असेल तर पोटावरची पेग नळी बरी, तिने नाक-घसा मोकळा राहतो आणि गिळण्याचे व्यायाम करता येतात.

आवाज: तीन आठवड्यांचा नियम

सर्दीनंतर बसलेला आवाज साधारण एक-दोन आठवड्यांत सुटतो. हा बहुधा व्हायरसचा खेळ, अँटिबायोटिकने त्याला काही होत नाही. तीन आठवडे झाले, फार ताणलं तर चार, आणि आवाज अजून घोगराच असेल तर आत बघून घ्यायचंच. पुढच्या लोकांनी तेवढंही थांबू नये: बिडी, सिगारेट, तंबाखू, मिसरीवाले; आवाजाबरोबर मानेत गाठ, कानात दुखणं किंवा खोकल्यातून रक्त असणारे; आणि थायरॉइड, मान, छाती किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज गेलेले. हृदयाचा काय संबंध, असा प्रश्न पडेल. स्वरतंतूंना हलवणारी डावीकडची नस मानेतून थेट स्वरयंत्राला न जाता छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि परत वर येते. त्यामुळे फुफ्फुसातल्या गाठीची पहिली खूण कधी कधी घोगरा आवाज असते. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला तर बहुतेक लोक आवाजासकट बरे होतात. इतक्या लवकर ओरडणारे कर्करोग थोडेच आहेत, त्याचा फायदा घ्या.

जाण्याआधी चार गोष्टी जमवा. सकाळचा आणि रात्रीचा आवाज मोबाईलवर, दोन-तीन दिवसांचा. जुन्या लग्नाच्या व्हिडिओतला वगैरे तुमचा चांगला आवाज. चालू औषधांची यादी, त्यात दम्याचा पंपही धरा, कारण पंपानंतर चूळ न भरल्याने आवाज बसतो. आणि दिवसाचा हिशोब: किती तास बोलता, कुठे, किती गोंगाटात.

दुर्बिणीला घाबरू नका. नाकात बधिर करणारा फवारा मारतात, कडवट लागतो, घसा सुजल्यासारखा वाटतो. पातळ दुर्बीण नाकातून जाते, दोन-तीन मिनिटांचं काम. किंवा जाड, ताठ दुर्बीण तोंडातून, जीभ कापडाने धरून, आणि तुम्हाला "ई" म्हणायला सांगतात. बधिरपणा जाईपर्यंत, साधारण तासभर, काही खाऊ-पिऊ नका.

हे आत बघणं शोधून काढलं ते डॉक्टरने नव्हे, गाण्याच्या मास्तरांनी. मान्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत पाडून, स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. अडचण एकच, ते हलतात फार वेगाने. बाईच्या बोलण्यात सेकंदाला साधारण २०० वेळा. पस्तीस मिनिटांच्या तासात शिक्षिकेचा प्रत्यक्ष आवाज वीस मिनिटं निघाला तरी २,४०,००० टाळ्या झाल्या, आणि असे तास दिवसाला सहा. साध्या प्रकाशात ही थरथर धूसर दिसते. स्ट्रोबोस्कोपीत लुकलुकता दिवा त्या वेगाशी किंचित चुकवून लावतात, त्यामुळे लाट संथ झाल्यासारखी दिसते. कुठला तंतू ताठर आहे, गाठीखाली काय आहे, ते तेव्हा कळतं. व्हिडिओची प्रत मागून घ्या. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ती शंभर चिठ्ठ्यांपेक्षा कामाची.

पुढचं निदानावर. दोन्ही तंतूंवर समोरासमोर आलेल्या घट्ट्यांना नोड्यूल म्हणतात. हातावर घट्टे पडतात तसेच, वापराने आलेले. त्यांना आधी थेरपी, चाकू नाही. कापून आले आणि ओरडणं तेच राहिलं तर ते परत येतात. पॉलिप, म्हणजे तंतूवरची मऊ वाढ, बहुधा एका बाजूला असतो, त्याला शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता जास्त. ती तोंडातून, सूक्ष्मदर्शकाखाली होते, बाहेर टाका नाही. नंतर सर्जन सांगेल तितके दिवस, बहुधा ३ ते ७, पूर्ण मौन. कुजबुजणंही नाही, आणि खाकरणं तर अजिबात नाही. निपचित पडलेल्या तंतूला आधार द्यायला इंजेक्शन किंवा बाहेरून छोटं रोपण करता येतं. बोलताना आवाज पिळवटून तुटत असेल तर स्पास्मोडिक डिस्फोनिया, त्याला बोटॉक्स देतात, दर काही महिन्यांनी.

आणि एक तक्रार आहे जी घेऊन मुलं मान खाली घालून येतात. वय अठरा-एकोणीस, मिसरूड फुटलेलं, आवाज मात्र मुलीसारखा. आई म्हणते, "ह्याला फोनवर सगळे ताई म्हणतात." मी त्याला फक्त खोकायला सांगते. खोकला जाड, खर्जातला येतो. तोच त्याचा खरा आवाज, गळ्यात आधीपासून आहे. मग खोकल्यावरून "आ", "आ" वरून अंक, अंकावरून नाव. कंठमणी बोटाने जरा खाली दाबून धरते. बहुतेकांना थोड्याच बैठकांत जमतं. अवघड जातं ते नंतर, हा आवाज घेऊन कॉलेजात जाणं.

घरगुती उपायांवर नेहमी वाद होतो, म्हणून एवढंच. आपण जे गिळतो ते स्वरतंतूंना शिवत नाही. शिवलं तर ठसका लागेल. हळद-दूध, मध, ज्येष्ठमध घशाला बरं वाटवतात, तंतूंवर लेप देत नाहीत. ज्येष्ठमध रोज भरपूर चघळू नका, रक्तदाब वाढतो. तंतूंपर्यंत थेट पोचते ती वाफ, साध्या पाण्याची. बाकी पाणी पीत राहणं, खाकरण्याऐवजी घोट घेणं, कुजबुज टाळणं.

थेरपीत आम्ही काय करतो याचा एक नमुना घरी करून बघा. अर्ध्या पेल्या पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवा आणि "ऊ" म्हणत बुडबुडे काढा. पाण्याचा उलट दाब तंतूंना जोरात आपटू देत नाही. एक-दोन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. शाळेत तासांच्या मध्ये बाटलीतच करता येतं, पोरं हसतात, हसू द्या. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि जुलैत आमच्याकडे शिक्षिकांची रांग लागते. गणपतीनंतर ढोल-ताशा पथकांची. दोघांनाही मी कमरेला लावायचा छोटा माइक घ्यायला सांगते. तो एका महिन्याच्या औषधांपेक्षा महाग नसतो.

मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी नोड्यूल घेऊन आल्या होत्या. त्यांना "कमी बोला" सांगणं म्हणजे "दुकान बंद करा" सांगणं. सहा आठवडे बुडबुडे, श्वास, सगळं केलं. मग एका सकाळी, आवाज मोकळा असताना, त्यांच्या मुलाने आणलेल्या चार्जिंगच्या भोंग्यात त्यांचीच आरोळी भरून घेतली. आता मेथी, कोथिंबीर, शेपू भोंगा ओरडतो. मावशी फक्त भाव सांगतात, तोही गिऱ्हाइकाने जवळ येऊन विचारला तर.